पावणेपाचचे पाणी

३ मार्च, सोमवार

अगं, ऐकतेस का?

हा मायना शिष्टसंमत नाही, हे मला मान्य आहे. परंतु दिवंगत पत्नीस कोणत्या मायन्याने लिहावे, याचा नमुना आमच्या शालेय पुस्तकात दिलेला नव्हता. ही वही आपल्या लेकीने आणून दिली. म्हणाली, "बाबा, रोज चार ओळी लिहा. आईला सांगताय असं समजून लिहा." मी तिच्या निदर्शनास आणले की, माझ्या कामाचा विषय निघाला की तुझे डोळे पाचव्या मिनिटाला मिटत असत. ती म्हणाली, "मग आता काय बिघडलं?" मुलगी तुझ्यावर गेली आहे.

तर कामाविषयी. आमच्या कारखान्यात शिजवलेल्या मांसाचे पातळ काप करून पाकिटे भरतात. ते काप लोक पुन्हा न शिजवता, तसेच गार खातात. हे वाक्य तू सव्वीस वर्षे ऐकले आहेस, तेव्हा आणखी एकदा ऐक : म्हणूनच आमच्या कापखोलीत एकही घातक जंतू चालत नाही. गेल्या आठवड्यात तपासणीसाठी तेथे फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यांचा निकाल आज आला. बेल्टच्या कडेला लिस्टेरिया सापडला. हा जंतू थंडीत मरत नाही. उलट त्याला थंडी मानवते. स्वच्छता अधिकारी या नात्याने मी हा वैयक्तिक अपमान समजतो. कारण सापडेपर्यंत तयार मालाची पाकिटे शीतगृहात अडवून ठेवली आहेत.

कापसाचे बोळे घेऊन हिंडतो म्हणून कामगार मला 'बोळेसाहेब' म्हणतात. मला हे ठाऊक नाही, असा त्यांचा समज आहे. तो मी कायम ठेवला आहे.

माझ्या बाजूने कसूर नाही, हे येथे नमूद करतो. नोव्हेंबरात तू गेल्यापासून मी पहाटे पावणेपाचलाच कापखोलीत हजर असतो. त्याआधी वर्षभर त्याच वेळी तुझे अंग ओल्या फडक्याने पुसून द्यावयाचे असे. त्यामुळे शरीराला त्या घटकेची सवय जडली आहे. यात भावनेचा भाग नाही, हे निव्वळ शरीरशास्त्र आहे. साफसफाईची पाळी चारला संपते आणि काप करण्याचे काम सातला सुरू होते. मधल्या वेळेत मी नळी लावून खोली स्वच्छ पाण्याने आणखी एकदा धुऊन घेतो. ही माझी स्वतःची भर आहे. दुसरा कोणी अधिकारी इतके करील, असे वाटत नाही.

७ मार्च, शुक्रवार

पुन्हा लिस्टेरिया. त्याच जागी, आणि शिवाय गटाराच्या जाळीजवळ.

व्यवस्थापकांनी बोलावले. त्यांना 'दोन मिनिटं' म्हणतात, कारण "दोन मिनिटं आहेत का?" असे विचारून ते तासभर बसवून घेतात. मुख्य कार्यालयाला महिनाअखेरपर्यंत कारण हवे आहे. "कारण म्हणजे नाव," त्यांनी खुलासा केला. "कोणाच्या हातून झालं, ते नाव."

नाव शोधण्याची पहिली पायरी म्हणून साफसफाईच्या पाळीच्या प्रमुख बाईंची जबानी घेतली. अकरा वर्षांची नोकरी आहे. सगळे त्यांना मावशी म्हणतात. मी बाई म्हणतो.

"गटाराची जाळी रोज उचलता का?"

"रोज. हातभर ब्रश घालून घासते. निम्मं माझ्याच तोंडावर उडतं."

"औषधाचे प्रमाण?"

"पाटीवर लिहिलंय तेवढंच. पाटी तुम्हीच लावली ना?"

"मग जंतू आले कोठून?"

"मला काय विचारता साहेब? मी काय त्यांना आमंत्रण धाडलं?" मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आम्ही पंखे लावून, खोली खडखडीत वाळवून चारला निघतो. खोली कोरडी राहू द्या साहेब. एवढंच म्हणते."

मी नोंद केली : 'सदर कर्मचारी मूळ प्रश्नास बगल देतात.'

९ मार्च, रविवार

लेक आली होती. तिने स्वयंपाकघरात भांडी निथळत ठेवण्याचा ट्रे उचलला आणि किंचाळली.

"बाबा! हे काय आहे खाली? बुळबुळीत!"

मी तिला शास्त्र समजावून दिले. सुटा जंतू दुबळा असतो. त्याला ओल मिळाली की तो पृष्ठभागाला चिकटतो, स्वतःभोवती चिकट द्रव सोडतो, भाऊबंद गोळा करतो, आणि त्या बुळबुळीत पापुद्र्याखाली आख्खी वस्ती नांदू लागते. वरून औषध ओतले तर ते छपरावरच्या पावसासारखे ओघळून जाते. ती वस्ती घासल्याशिवाय निघत नाही, आणि कोरडे ठेवल्याशिवाय पुन्हा वसायची थांबत नाही.

"आणि एवढं ठाऊक असून तुम्ही चार महिने हा ट्रे तसाच ठेवलात?"

"मी घरी फारसा नसतो."

"तेच विचारतेय. परवा पहाटे पाचला फोन केला, तर तुम्ही कारखान्यात. इतक्या पहाटे काय असतं हो तिथे?"

"काम."

ती ट्रे घासत राहिली, माझ्याकडे पाठ करून. नंतर म्हणाली, "तुम्ही रविवारी पहाटे काय करता?" आज रविवार होता. मी पहाटे न्हाणीघर धुतले होते. परंतु हा प्रश्न मला विषयाला धरून वाटला नाही, म्हणून उत्तर दिले नाही.

१४ मार्च, शुक्रवार

चार दिवस कापखोलीची झाडाझडती घेतली. कापणीचे यंत्र उघडून पाते, रबरी कडा, पोकळ नळ्या सगळे सुटे केले. एका सांध्याला केसाएवढी चीर सापडली, तेव्हा मला इतका आनंद झाला की यंत्रज्ञ माझ्याकडे पाहतच राहिला. बोळा फिरवला, चीर निर्दोष निघाली. बेल्ट बदलला. नव्या बेल्टवरही लिस्टेरिया. रोज पहाटे माझे धुणे चालूच आहे. आता तर मी गटाराच्या जाळीवर पाण्याचा झोत दुप्पट वेळ धरतो.

'दोन मिनिटं' म्हणाले, "यंत्र ठीक, बेल्ट ठीक, औषध ठीक. मग उरलं कोण?"

मी शिफारस लिहून दिली : साफसफाई प्रमुखांचा करार ३१ तारखेनंतर वाढवू नये. भाषा निर्दोष आहे. तीनदा वाचली.

तू गेलीस त्या दिवशी आपल्या घरी माणसांची रीघ लागली होती. मी दारात उभा राहून प्रत्येकाचे आभार मानीत होतो, सभा आटोपल्यासारखे. त्या वेळी स्वयंपाकघरात चहाचे कप कोण विसळत होते, हे मला दुसऱ्या दिवशी लेकीने सांगितले. त्या याच बाई होत्या. पाळी संपवून, न झोपता तशाच आल्या होत्या.

शिफारशीत या गोष्टीचा उल्लेख केलेला नाही. तो नियमाने अप्रस्तुत ठरतो.

१९ मार्च, बुधवार

प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ बाईंची निवृत्ती जवळ आली आहे, त्यामुळे त्या कोणालाच भीत नाहीत. त्या म्हणाल्या, "जागा बदलून काय बघता? वेळ बदलून बघा." त्यांच्या सूचनेनुसार दोन वेगळ्या वेळी बोळे घेतले : चारला, साफसफाई संपताच, आणि सातला, काम सुरू होण्यापूर्वी. चारचे त्यांच्या मदतनीस बाईंनी घेतले, सातचे मी.

निकाल आला. चारचे सगळे निर्दोष. सातचे सदोष.

अगं, याचा अर्थ लक्षात आला का? चार ते सातच्या दरम्यान कोणीतरी खोलीत शिरते! मी तत्काळ संशयितांची यादी केली : रखवालदार, वीजतंत्री, शीतगृहाचे दोन हमाल. प्रत्येकापुढे संभाव्य हेतूही लिहिला. रखवालदारापुढे 'कुतूहल' असे लिहिले आहे.

हा निकाल साफसफाईच्या बाईंच्या बाजूने जातो, हे मला दिसते. तथापि शिफारस मागे घेण्यापूर्वी खरा गुन्हेगार हाती लागलेला बरा. उद्या पहाटे पाळत ठेवतो.

२० मार्च, गुरुवार

पाळत ठेवली. साडेचारपासून सातपर्यंत खोलीतच होतो. कोणीही आले नाही. चिटपाखरूदेखील नाही. वाट पाहताना हात रिकामे नसावेत म्हणून नेहमीप्रमाणे जमीन, जाळी आणि बेल्टचे पाय धुऊन घेतले.

गुन्हेगारास सुगावा लागला असावा.

२१ मार्च, शुक्रवार

यादी घेऊन तंत्रज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी ती वाचली, उलटून पाहिली.

"यात तुम्ही कुठे आहात?"

"मी तपासणारा आहे."

"जंतूंना हुद्दा कळतो का साहेब?" त्यांनी चष्मा वर केला. "पहाटे येता ना तुम्ही? सगळा कारखाना जाणतो. काय करता खोलीत?"

"धुतो."

"काय धुता?"

"जमीन. गटाराची जाळी. बेल्टचे पाय."

"औषध मारून, वाळवून ठेवलेली खोली?"

"अधिक खात्रीसाठी."

"कशानं?"

"नळीने."

"जोरात?"

"पुरेशा दाबाने."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि यादी माझ्या हाती परत दिली.

तेथून सरळ कापखोलीच्या दाराशी गेलो. तेथे नियमांची पाटी आहे. सातवा नियम : 'निर्जंतुकीकरणानंतर पाण्याचा वापर सक्त वर्ज्य. पृष्ठभाग पूर्ण कोरडा ठेवावा.' खाली सही. सही वळणदार असून माझी आहे.

आता सगळे उलगडते. ब्रश पोहोचत नाही इतक्या खोल, गटाराच्या नळात ती चिकट वस्ती आहे. ती तेथे निमूट पडून राहिली असती. मी रोज पहाटे जाऊन तिच्यावर झोत मारला, तिचे तुषार खोलीभर उडवले, बेल्टवर मुक्कामाला पोहोचवले, पृष्ठभागावरचे औषध धुऊन टाकले, आणि वर त्यांना ओल पुरवली. लिस्टेरियाने जाहिरात देऊन नोकर ठेवला असता, तरी त्याला माझ्याहून प्रामाणिक माणूस मिळाला नसता. अकरा वर्षे त्या बाई रोज खोली वाळवून जातात. चार महिने मी त्यांच्या कामावर पाणी फिरवीत आहे. हा वाक्प्रचार मी आजवर अलंकारिक समजत होतो.

आणि काल मी गुन्हेगारावर अडीच तास पाळत ठेवली. तो पूर्ण वेळ नजरेसमोर होता.

२६ मार्च, बुधवार

शनिवारपासून पाणी बंद आहे. पहाटे जातो, दाराबाहेर स्टुलावर बसतो, मांडीवर हात ठेवून. सातचे बोळे तीन दिवस निर्दोष आले. सिद्धतेसाठी एवढे पुरे.

'दोन मिनिटं' खूश झाले. मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी दार लोटून घेतले.

"हे बघा, तुम्ही पाणी बंद केलंत, जंतू गेले. विषय संपला. मावशींना पत्र गेलंच आहे. कारण म्हणून तेच लिहू. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

"परंतु कारण मी आहे."

"अहो, तुमच्यावर काय प्रसंग गुदरलाय, आम्हाला कळत नाही का?" 'प्रसंग' हा शब्द त्यांनी असा हळू उच्चारला, जणू तो फुटेल. "आणि तुमची निवृत्ती दोन वर्षांवर. कागदावर डाग कशाला?"

मी नाही म्हणालो नाही. हे तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. मी म्हणालो, "बघतो." आणि बाहेर येताना मला खरोखर हलके वाटले. व्हरांड्याच्या टोकापर्यंत टिकले.

रात्री साफसफाईच्या पाळीची माणसे जमतात, त्याआधी मावशींना गाठले. त्या हातमोजे उलटे करून वाळत घालीत होत्या.

"तुम्हाला ठाऊक होते?"

"खोली ओली असायची सकाळी. आमच्या पाळीतली एक सातपर्यंत थांबते ना, ती सांगायची. पहाटे तुमच्याशिवाय येतंय कोण?"

"मग सांगितले का नाही?"

"सांगितलं की. कोरडी राहू द्या म्हटलं."

"स्पष्ट सांगावयाचे होते."

"काय स्पष्ट सांगू? बायको गेलेला माणूस पहाटे येऊन पाणी मारतोय, त्याच्या हातातून नळी हिसकावून घेऊ? हाताला काहीतरी लागतं हो माणसाला. मला वाटलं, दहापाच दिवसांत थांबतील."

"चार महिने झाले."

"हो ना. तुमचा उरकच दांडगा."

मी क्षमा मागण्यासाठी वाक्य जुळवू लागलो. त्या म्हणाल्या, "माझी माया बिया समजू नका साहेब. पत्र हातात पडलं तेव्हा तुमच्या नावानं बोटं मोडली मी. सोमवारी मुख्य कार्यालयात जाणारच होते, सगळं सांगायला. माझ्या पोटावर आल्यावर मी कोणाची भीड ठेवत नाही."

"योग्य आहे," मी म्हणालो.

'हाताला काहीतरी लागतं' याचा अर्थ मला पुरता कळला नाही. लिहून ठेवतो.

२७ मार्च, गुरुवार

अहवाल लिहिला. पहिल्या मसुद्यात वाक्य असे होते : 'पहाटेच्या सुमारास खोलीत पाणी सोडले जात असल्याचे आढळून आले.' वाचून पाहिले. कोण सोडीत होते, याचा त्यात मागमूस नव्हता. जणू पाणी स्वतःच्या मर्जीने नळातून उतरून फिरावयास निघत असे. दुसऱ्या मसुद्यात 'एका जबाबदार अधिकाऱ्याकडून' असे घातले. तेथे 'जबाबदार' हा शब्द माझ्याकडे रागाने बघू लागला.

तिसरा मसुदा : 'मी रोज पहाटे निर्जंतुक केलेली खोली नळीने धुतली. माझ्या या कृतीमुळे गटारातील जंतू बेल्टवर पोहोचले. साफसफाई प्रमुखांनी मला खोली कोरडी ठेवण्यास सांगितले होते. मी ऐकले नाही. त्यांच्याविरुद्धची माझी शिफारस चुकीची होती व ती मी मागे घेत आहे.' इतकी छोटी वाक्ये मी चौथीनंतर प्रथमच लिहिली.

एक प्रत व्यवस्थापकांना, एक थेट मुख्य कार्यालयाला. दुसरी प्रत प्रथम पाठवली, म्हणजे धीर सुटण्यास अवधी राहू नये.

लेकीला फोनवर सांगितले. ती हसू लागली. बराच वेळ हसत होती आणि मग हसत नव्हती. म्हणाली, "बाबा, उद्यापासून पहाटे मला फोन करत जा. मी जागीच असते, पिल्लू उठवतं." मी म्हणालो, पहाटे पावणेपाचला फोन करणे सभ्यतेला धरून नाही. ती म्हणाली, "बाबा. करा."

२८ मार्च, शुक्रवार

निर्णय आला. मावशींचे पत्र रद्द. करार तीन वर्षांनी वाढवला, लेखी. अडवलेली पाकिटे नष्ट करणार. मला लेखी ताकीद, आणि कापखोलीतून बदली. यापुढे मी कागदपत्रे विभागात, वेळ सकाळी दहा ते सहा. चार ते सात या काळात कापखोलीत कोणीही शिरावयाचे नाही. किल्ल्या साफसफाई प्रमुखांकडे राहतील.

'दोन मिनिटं' माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ऐकलं असतंत तर." या खेपेस खरोखरच दोन मिनिटांत सोडले.

पहाटे फोन केला. पलीकडे नातू भोकाड पसरत होता. लेकीला बोलता येईना, मलाही. वीस मिनिटे आम्ही तिघे तसेच होतो.

२९ मार्च, शनिवार

उत्पादन बंद ठेवून गटार उघडले. ही कामगिरी कागदपत्रे विभागाकडे येत नाही. मी विनंती केली आणि मावशींनी मला एका रात्रीपुरते त्यांच्या पाळीत घेतले. रबरी बूट एका मापाने मोठे होते.

जाळी काढली, खालचा नळ सुटा करून बाहेर ठेवला. आतून तो काळपट, बुळबुळीत, माशाच्या पाठीसारखा चकाकत होता. सव्वीस वर्षे मी या पदार्थावर व्याख्याने दिली, पण उघड्या डोळ्यांनी इतका जवळून पाहिला नव्हता. मावशींनी साबणाचे पाणी आणि ताठ केसांचा ब्रश माझ्या हाती दिला.

"घासा."

मी घासू लागलो.

"अहो, घासा म्हटलं, कुरवाळू नका!"

पाळीतल्या बायका हसल्या. कोणीतरी मागून म्हणाले, "बोळेसाहेब, जोर लावा!" तोंडावर म्हणाले, हे म्हणणाऱ्याच्याही नंतर लक्षात आले असावे. मी जोर लावला. निम्मे तोंडावर उडते, हे सत्य आहे. दीड तासाने नळाचा मूळ रंग दिसला. मग खळखळून धुणे, मग औषध, मग पंखे.

पंखे लागल्यावर मी फडके शोधू लागलो. कोपऱ्यात थोडे पाणी राहिले होते.

"ठेवा ते," मावशी म्हणाल्या.

"मग आता काय करावयाचे?"

"काही नाही. आता कोणी काही करायचं नाही. वाळू द्यायची."

आम्ही भिंतीशी उभे राहिलो. आधी दारापाशी जमीन फिकी झाली, मग मध्यभागी, मग गटाराभोवती. कोपऱ्यातले पाणी सर्वांत शेवटी गेले. मला वाटले होते त्यापेक्षा पुष्कळ वेळ लागला. मी हात मागे बांधून उभा होतो आणि, तुला सांगतो, तो काळ मला फार कठीण गेला. मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिले व पुन्हा जमिनीकडे पाहू लागल्या.

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी खोली पूर्ण कोरडी झाल्याची खात्री केली. पंखे बंद केले. दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या मावशींकडे परत केल्या व वहीत सही केली.